मराठी भ्रमंती-वाङ्मय : ओझे कोणाचे, पाणी कोणाचे?

एक

काही वर्षांपूर्वी एका निबंधस्पर्धेसाठी मला परीक्षक म्हणून बोलावले होते. स्पर्धा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची होती आणि विषय होता ‘माझी डोंगरभटकंती’. आम्ही तिघे परीक्षक. आलेले बहुतेक निबंध एकाच साच्यातले होते. पहाटेची एस. टी., पायथ्याचे गाव, धाप लागणारी चढण, माथ्यावरचा भन्नाट वारा, टाक्यातले गार पाणी, सूर्यास्त आणि शेवटी इतिहासापुढे नतमस्तक होणे. भाषा सफाईदार होती. मुलांनी वाचलेल्या पुस्तकांतून ती आली होती, हे उघड दिसत होते.

एकच निबंध वेगळा होता. घाटमाथ्याजवळच्या एका वस्तीतल्या मुलीने तो लिहिला होता. नवव्या वर्षापासून ती आजीबरोबर दर रविवारी डोंगरात मोळीला जात असे. मोळी कशी बांधायची, चुंबळ कशी वळायची, हे तिने नीट सांगितले होते. चढण्यापेक्षा उतरणे अवघड, कारण डोक्यावर मोळी असली की आपलेच पाय आपल्याला दिसत नाहीत, असे तिने लिहिले होते. कोणत्या झऱ्यावर पाणी प्यायचे आणि कोणत्या झऱ्यावर थांबायचेही नाही, हे आजीने तिला शिकवले होते. वाटेत एका कातळाला मोळी टेकवून आजी थोडा वेळ दरीकडे बघत उभी राहते आणि काही बोलत नाही, एवढ्यावर निबंध संपला होता. दरीचे वर्णन त्यात एका ओळीचेही नव्हते.

माझे सहपरीक्षक म्हणाले, “निबंध चांगला आहे हो, पण विषयाला धरून नाही. ही भटकंती नव्हे, हे काम झालं.” तिसऱ्यांनी मान डोलावली. मी एक वाक्य विरोधात बोललो. पुढे वेळ झाला होता, चहा आला होता. साच्यातल्या एका निबंधाला पहिले बक्षीस मिळाले. निकालपत्रकावर माझीही सही आहे.

त्या दिवशी जे उत्तर द्यायला हवे होते, ते या लेखात द्यायचा प्रयत्न करतो आहे. प्रश्न एका बक्षिसाचा नाही. एकाच डोंगरावर दोन माणसे चढतात. एकाचे चढणे ‘भ्रमंती’ ठरते आणि ते वाङ्मयात जाते. दुसऱ्याचे चढणे ‘काम’ ठरते आणि वाङ्मयाच्या बाहेर राहते. ही विभागणी कोणी केली? आणि तिला साहित्याचा निकष म्हणून आपण किती दिवस मान तुकवणार?

दोन

मराठीत डोंगर, गड आणि समुद्रकिनारा यांविषयीचे लेखन थोडे नाही. चिं. गं. गोगटे यांनी महाराष्ट्रातल्या किल्ल्यांची माहिती परिश्रमाने गोळा केली. स. आ. जोगळेकरांनी ‘सह्याद्रि’ लिहिला. गो. नी. दांडेकरांनी ‘दुर्गदर्शन’, ‘दुर्गभ्रमणगाथा’ यांसारख्या पुस्तकांनी दोन पिढ्यांना गडांची वाट दाखवली. मुंबईत १९५४ साली गिरिविहार आणि पुण्यात १९८२ साली गिरिप्रेमी अशा संस्था निघाल्या आणि गिर्यारोहणाला शिस्त आली. आज दर पावसाळ्यात शेकडो मुले-मुली सह्याद्रीच्या वाटांवर दिसतात. हे सगळे टाकाऊ आहे, असे मी म्हणणार नाही. घरात बसून इतिहास सांगणाऱ्या पंडितांपेक्षा पायी गड पाहणारा माणूस केव्हाही बरा.

दांडेकरांविषयी तर अधिक जपून बोलले पाहिजे. हा लेखक तरुणपणी गाडगेबाबांच्या सहवासात राहिलेला. ‘माचीवरला बुधा’मध्ये त्यांनी मुंबई सोडून राजमाचीच्या माचीवर परतणारा म्हातारा उभा केला. ‘जैत रे जैत’मध्ये ठाकरांच्या जीवनाला कादंबरीचा विषय केले, १९७७ साली त्यावर चित्रपटही निघाला. डोंगरातली माणसे त्यांना दिसली आणि त्यांनी ती मायेने रंगवली. पण ही माया डोंगरातल्या माणसाला डोंगराचाच भाग करते. झाड, पाखरू, कातळ तसा बुधा. त्याच्या निरागसपणाने वाचकाचे मन शांत होते. त्या माणसाची जमीन कोणाच्या नावावर आहे, त्याने शहर का गाठले होते, पायथ्याच्या गावात त्याला कोणत्या पायरीवर बसवतात, हे प्रश्न वाचकाच्या मनात उठत नाहीत. निसर्गाला जात नसते. म्हणून माणसाला एकदा निसर्गात जमा केले, की जातीविषयी बोलण्याचे कारण उरत नाही.

दांडेकरांच्या मागून आलेल्या सर्वसाधारण गडलेखनात तर माणूसही उरला नाही. तिथे पायथ्याचा माणूस येतो तो वाट दाखवायला, किंवा पिठलं-भाकरी करून घालायला. तो ‘साधाभोळा’ असतो. त्याला बहुधा पहिलेच नाव असते, आडनाव नसते. आडनाव आले असते तर पुष्कळ गोष्टी आल्या असत्या.

तीन

हा साचा किती बळकट असतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. साल १९८३. वर्गातल्या मुलांबरोबर प्रथमच एका गडावर निघालो, तेव्हा आई म्हणाली, “डोंगर बघायला कशाला जायचं रं? डोंगरात सरपणाला जात्यात.” मला तिच्या अडाणीपणाची लाज वाटली. उतरताना आम्ही पायथ्याच्या गावी एका घरी पाणी मागितले. ओसरीवरच्या म्हाताऱ्या बाईने प्रत्येकाला गाव आणि आडनाव विचारले. कौतुकाने विचारते आहे असेच सगळ्यांना वाटले. मी खरे आडनाव सांगितले. मग इतरांच्या हाती तांब्या-भांडे आले, आणि मला बाई म्हणाली, “तू जरा हिकडं ये बाबा, ओंजळ धर.” तिने वरून पाणी ओतले. तहान फार लागली होती. मी ते प्यायलो. मित्रांपैकी काहींनी पाहिले, काहींनी पाहिले नाही. परतीच्या वाटेवर त्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही.

पुढे महाविद्यालयाच्या वार्षिक अंकासाठी त्या सहलीवर मीच लेख लिहिला. त्यात पहाटेची एस. टी. होती, चढण होती, भन्नाट वारा होता, टाक्यातले गार पाणीही होते. ओंजळीतले पाणी नव्हते. कोणी मला ते गाळायला सांगितले नव्हते. मी वाचलेल्या कोणत्याच प्रवासवर्णनात तसे पाणी नव्हते, म्हणून लिहिताना त्याला जागा कुठे द्यायची हेच मला कळले नाही. लेखाचे कौतुक झाले. सूर्यास्ताचे वर्णन सरांनी वर्गात वाचून दाखवले.

वाङ्मयप्रकार माणसाला असा गप्प करतो. तो तोंड दाबत नाही. तोंडात तयार वाक्ये देतो.

चार

या तयार वाक्यांतले काही शब्द तपासून पाहिले पाहिजेत. भ्रमंती-वाङ्मयाचे सर्वांत लाडके विशेषण ‘निर्मनुष्य’ हे आहे. त्याच्या खालोखाल ‘अस्पर्शित’. विशेषतः कोकणच्या किनाऱ्याविषयी लिहिताना हे शब्द हटकून येतात. निर्मनुष्य वाळू, अस्पर्शित किनारा, माणसाचा स्पर्श न झालेले निळे पाणी. गडांविषयी लिहिताना त्यांची जागा ‘पवित्र’, ‘पावन’, ‘तीर्थ’ हे शब्द घेतात.

ज्या किनाऱ्याला निर्मनुष्य म्हटले जाते, तिथे पहाटे जाऊन पाहावे. ओहोटी लागली की खडकांवर कालवे काढणाऱ्या बायका कमरेत वाकून बसलेल्या असतात. वाळूवर कोळणींची मासळी सुकत असते. कोणी रापण ओढत असते. माणसे भरपूर असतात. लेखकाच्या मोजणीत ती धरली जात नाहीत, इतकेच. गावच्या खानेसुमारीत गावकुसाबाहेरची वस्ती जशी ‘गावा’त मोजत नसत, तशीच ही मोजणी आहे.

‘अस्पर्शित’ या शब्दाने तर मला नेहमी दचकायला होते. स्पर्श न झाला म्हणून जे सुंदर, ते कोणाच्या सौंदर्यशास्त्रात? ज्या समाजाने माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते असे हजारो वर्षे मानले, त्याच समाजाच्या भाषेला माणसाचा स्पर्श न झालेले पाणी सर्वांत सुंदर वाटावे, हा योगायोग आहे काय? लेखकाच्या मनात असा हेतू नसेल, हे मी मान्य करतो. पण हेतू नसतानाही जे आपोआप लेखणीतून उतरते, तोच संस्कार. सोवळ्याची कल्पना देवघरातून निघाली आणि निसर्गवर्णनात येऊन बसली. एकाला स्पर्श करायचा नाही म्हणून अस्पृश्य म्हटले, दुसऱ्याला स्पर्श झाला नाही म्हणून अस्पर्शित म्हटले. पहिल्याला गावाबाहेर ठेवले, दुसऱ्याकडे सुट्टी घालवायला गेले. दोन्ही ठिकाणी भीती एकच आहे: दुसऱ्या माणसाच्या असण्याची.

किनारे घाण करू नयेत, गडावर बाटल्या फोडू नयेत, हे वेगळे. ती नागरिकाची शिस्त आहे आणि ती सर्वांनी पाळावी. मात्र त्या शिस्तीचे पालन करणारा समाज गडावरचा कचरा शेवटी कोणाकडून उचलून घेतो, हेही एकदा पाहावे.

पाच

दलित समाजाने डोंगर-गड पाहिलेच नाहीत, म्हणून त्याचे असे वाङ्मय नाही, असे कोणी म्हणेल. हे खरे नाही. माझ्या मते भारतीय गडभ्रमंतीचे एक अत्यंत महत्त्वाचे वर्णन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवले आहे. ते त्यांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मपर लेखनात आहे. १९३५-३६च्या सुमारास लिहिलेले हे टिपण पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. आपण ते अस्पृश्यतेचा पुरावा म्हणून वाचतो. ते प्रवासवर्णन म्हणूनही वाचले पाहिजे.

साल १९३४. चळवळीतल्या सहकाऱ्यांना वाटले, बाबासाहेबांबरोबर एक सहल काढावी. वेरूळची बौद्ध लेणी पाहायची आणि वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायचा, असे ठरले. सुमारे तीस माणसे बसमधून व मोटारींतून नाशिकहून येवल्यामार्गे निघाली. आपला कार्यक्रम त्यांनी मुद्दाम जाहीर केला नव्हता. अस्पृश्य प्रवाशाला वाटेत काय सोसावे लागते, हे त्यांना ठाऊक होते. दौलताबादेला आपले लोक स्वागताला उभे होते, चहा घ्या म्हणत होते. चहाची गरज होती. पण अंधार पडण्याआधी किल्ला नीट पाहून व्हावा म्हणून मंडळी चहा परतीवर ठेवून तशीच पुढे गेली. कोणताही दुर्गप्रेमी हेच करील.

किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेले एक तळे होते, भोवती फरसबंदी होती. अंगावर प्रवासाची धूळ. काहींनी त्या पाण्याने हातपाय-तोंड धुतले. मंडळी दरवाजात पोचतात तोच मागून एक वृद्ध मुसलमान ओरडत आला, की धेडांनी तळे बाटवले. गर्दी जमली. शिवीगाळ सुरू झाली. महिना रमजानचा होता. स्थानिक अस्पृश्यांनाही त्यात ओढले गेले. बाबासाहेबांनी जमावाला विचारले, तुमचा धर्म हेच शिकवतो काय? उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला तुम्ही या तळ्याचे पाणी घेऊ देणार नाही काय? त्यावर जमावाला उत्तर सुचले नाही. अखेर आत जायची परवानगी मिळाली ती एका अटीवर: किल्ल्यात कुठेही पाण्याला स्पर्श करायचा नाही. अट पाळली जाते की नाही हे पाहायला एक हत्यारी शिपाई बरोबर देण्यात आला.

आता या वर्णनाची साच्यातल्या गडलेखनाशी तुलना करून पाहा. साच्यात टाक्यातले पाणी ही विसाव्याची जागा असते. इथे तेच पाणी सगळ्या प्रसंगाच्या मध्यभागी येऊन बसते. साच्यात गड चढणारा मोकळा असतो, त्याला फक्त चढण आणि ऊन अडवते. इथे विलायतेच्या दोन विद्यापीठांतल्या पदव्या घेतलेला माणूस बंदुकीच्या पहाऱ्याखाली किल्ला पाहतो. आणि एवढे होऊनही बाबासाहेब किल्ल्याला नावे ठेवत नाहीत. दौलताबाद न पाहता पुढे जाऊ नये असे ते ऐतिहासिक स्थळ आहे, हे ते सुरुवातीलाच नोंदवतात. पाहण्याची हौस आणि पाण्यावरचा पहारा या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वर्णनात राहू दिल्या. मी माझ्या लेखात हौस ठेवली आणि पहारा गाळला. बाबासाहेबांचे हे लेखन मी आधी वाचले असते तर ओंजळीतल्या पाण्याला जागा कुठे द्यायची हे मला कळले असते.

आणखी एक गोष्ट. रायगडाला जाणारा माणूस महाडवरून जातो. बहुतेक वर्णनांत महाड म्हणजे गाडी बदलायची आणि चहा प्यायची जागा. २० मार्च १९२७ रोजी याच गावात हजारो माणसे परिषदेच्या मांडवातून शिस्तीने चालत चवदार तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. महाराष्ट्राच्या इतिहासात इतके थोडे अंतर चालून इतक्या दूर पोचलेली दुसरी पदयात्रा मला ठाऊक नाही. गडाच्या वाटेवरचे हे स्थळ गडप्रेमी लेखकाला दिसत नसेल, तर त्याच्या इतिहासप्रेमाविषयी शंका घ्यायला जागा आहे.

सहा

पाण्यानंतर ओझे. २००३ साली आलेल्या ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’ची सुरुवात आठवा. रत्नागिरीजवळच्या डोंगरी मुलखातल्या बायका डोक्यावर ओझी घेऊन, डोंगरवाटा तुडवत रत्नागिरीच्या बाजाराला जातात. जे विकायचे ते विकून पुन्हा तीच चढण चढून घरी येतात. पुस्तकाच्या नावातले आयदान, म्हणजे लेखिकेची आई विणत असे ती बांबूची सुपे-टोपल्या, हेही त्याच जगण्यातले.

ही वाट आत्मकथनाच्या आरंभी का येते? कारण त्या जगाचा भूगोल पायांनी आणि डोक्यावरच्या ओझ्याने मोजलेला आहे. भ्रमंतीच्या पुस्तकात गडाची उंची फुटांत दिलेली असते. ओझे वाहणारी बाई उंची फुटांत सांगत नाही. कुठे ओझे टेकवता येते, कुठे टेकवले तर पुन्हा उचलून द्यायला माणूस लागतो, याच्या खुणांवरून ती डोंगर ओळखते. हे ज्ञान कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकातल्या ज्ञानापेक्षा कमी नाही. निबंधस्पर्धेतल्या त्या मुलीजवळ हेच ज्ञान होते. उतरताना मोळीमुळे पाय दिसत नाहीत, हे तिचे वाक्य शंभर सूर्यास्तांतून सुचणार नाही.

तरीही एक सावधगिरी हवी. श्रमिकाचे चालणे म्हणजे केवळ कष्ट आणि हौशी माणसाचे चालणे म्हणजे केवळ आनंद, अशी वाटणी आपणही करू नये. तशी केली तर सहपरीक्षकांचेच म्हणणे आपण उलट्या बाजूने मान्य करतो. आजी कातळाला मोळी टेकवून दरीकडे बघते, ते काय आहे? ते काम नाही. त्या दोन मिनिटांवर तिचा पूर्ण हक्क आहे. दुःख, वेदना, विद्रोह एवढेच आमचे अनुभवविश्व, असे ठरवून टाकणारा समीक्षक, मग तो आपल्यातला का असेना, आजीची ती दोन मिनिटे काढून घेतो.

ओझे फक्त सह्याद्रीत नाही. १९२२ सालच्या एव्हरेस्ट मोहिमेत हिमप्रपाताखाली सात जण गेले. सातही जण ओझी वाहणारे हमाल होते. १८ एप्रिल २०१४ रोजी त्याच पर्वताच्या नेपाळ बाजूच्या हिमधबधब्यात सोळा नेपाळी कामगार मेले. गिर्यारोहणाच्या इतिहासात शिखरावर पोचणाऱ्यांची नावे असतात. मरणाऱ्या हमालांचा बहुधा आकडा असतो.

सात

गडांच्या दगडातच हा आकडा चिणलेला आहे. पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाची दंतकथा इंग्रजी आमदानीतल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे. बुरुजाचा पाया टिकेना, तेव्हा बहिरनाक नावाच्या महाराचा मुलगा नाथनाक आणि सून देवकाई यांना पायात जिवंत पुरले, मग बुरुज उभा राहिला. ही कथा ऐतिहासिक सत्य आहे की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण पाया टिकवायला कोणाचा बळी द्यायचा, याविषयी समाजाच्या मनात शंका नव्हती, एवढे तिच्यावरून नक्की कळते.

रायगडाच्या हिरकणीची कथाही दंतकथाच आहे. तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरून गेलेल्या गवळणीचे धैर्य प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. हिरकणीविषयी मला आदर आहे. तीही कष्टकऱ्याची बाई. पण कड्यावरून उतरलेली हिरकणी आपल्याला शाळेत भेटते आणि बुरुजाखाली पुरलेली देवकाई भेटत नाही. ज्या कथेने अभिमान वाटतो ती कथा, आणि जिच्याने मान खाली जाते ती ‘अंधश्रद्धा’ म्हणून एका ओळीत उरकायची, हा न्याय कोणाचा?

दंतकथा सोडा. गड राखत कोण होते? गडाखालच्या घेऱ्यात, मेटांवर महार, मांग, रामोशी, कोळी, बेरड पहारा करीत. रात्री जागायचे, चोरवाटा राखायच्या, वर्दी द्यायची, सरपण-गवत पुरवायचे. १८१८ नंतर इंग्रजांनी अनेक गडांच्या वाटा सुरुंगांनी उडवल्या आणि गडांवरची शिबंदी मोडली. वर्दी देत धावण्याचे वतनी काम मात्र गावगाड्यात महाराच्या गळ्यात तसेच राहिले. त्या कनिष्ठ वतनांचा कायद्याने शेवट व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. ज्यांच्या कित्येक पिढ्या दुसऱ्याच्या हुकमाने चालल्या, त्यांच्या मुलाने स्वतःच्या मर्जीने डोंगर चढावा ही किती मोठी घटना आहे, हे हौशी भटक्याच्या सहज लक्षात येणार नाही.

२०२५च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. आनंदाची गोष्ट आहे. आता या किल्ल्यांवर नव्या पाट्या लागतील, नव्या पुस्तिका निघतील. त्यांत तट, बुरुज, दरवाजे यांची मापे येतील. मेटांवर जागणाऱ्यांचे एक वाक्य येईल काय? वारसा सगळ्यांचा म्हणायचा असेल, तर तो राखणाऱ्यांची नावनिशी पाटीवर आली पाहिजे. त्यासाठी अर्ज, निवेदने, गरज पडली तर आंदोलन, हे काम या अंकाच्या वाचकांचेच आहे.

आठ

कार्यकर्ते मित्र विचारतील, हे सगळे कशासाठी? २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजी घडली. आजही वरातीत घोड्यावर बसला म्हणून आमच्या पोराला मारतात. अशा काळात डोंगर-किनाऱ्यांवरच्या वाङ्मयाची चिकित्सा ही चैन नव्हे काय?

मला तसे वाटत नाही. घोड्यावर बसणे, तळ्याचे पाणी पिणे, गडावर चढणे, किनाऱ्यावर निवांत बसणे, या सगळ्यांत एकच मागणी आहे: सार्वजनिक जागी माणूस म्हणून, काही काम नसतानाही, उभे राहता आले पाहिजे. कामासाठी आम्हांला सगळीकडे प्रवेश होता. रस्ता झाडायला, मेलेले ढोर ओढायला, वर्दी द्यायला आम्ही गावात जातच होतो. बंदी होती ती काम नसताना उभे राहण्यावर. म्हणून फुरसत हा आपल्यासाठी हक्काचा प्रश्न आहे.

आणि नवी पिढी हा हक्क घेते आहे. २५ मे २०१४ रोजी, नेपाळ बाजूच्या त्या अपघातानंतर महिनाभराने, तिबेटच्या बाजूने दोन मुले एव्हरेस्टवर पोचली. मालावत पूर्णा ही तेलंगणातल्या शेतमजूर आदिवासी घरातली, तेव्हा चौदाही पूर्ण न झालेली मुलगी, आणि साधनापल्ली आनंद कुमार हा खम्मम जिल्ह्यातला दलित मुलगा. दोघे समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळांचे विद्यार्थी. आपल्याकडेही २०१८च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी ते शिखर गाठले. सरकारी वसतिगृहाचे जेवण जेवलेली ही मुले आहेत. शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी, वसतिगृह चालू राहावे, यासाठीचे आपले रोजचे झगडे कुठवर पोचतात, हे त्यांनी दाखवले.

पण शिखरावर पोचणे ही अर्धी गोष्ट. वाट त्यांनी स्वतः लिहिली पाहिजे. नाहीतर त्यांचीही ‘जिद्दीची कहाणी’ होईल. जिद्द तेवढी राहील, आणि आधी कोणी कशावरून अडवले होते ते गळून जाईल. मी जसे गाळले तसे.

शिक्षक मित्रांना माझी एकच विनंती आहे. ‘माझी भटकंती’ हा विषय वर्गात देऊ नका असे मी म्हणणार नाही. द्याच. फक्त त्याबरोबर दोन प्रश्न द्या: वाटेत ओझे कोणाच्या डोक्यावर होते, आणि पाणी कोणी, कसे दिले? ज्या मुलांना या प्रश्नांचा कधी विचारच करावा लागला नाही, त्यांनाही एकदा विचार करू द्या. त्यांचेही लेखन सुधारेल.

त्या मुलीचा निबंध स्पर्धेच्या गठ्ठ्याबरोबर परत गेला. तिचे नाव मला पाहता आले नव्हते. उत्तरपत्रिकांवर फक्त क्रमांक होते. ती आता शिकून कुठे असेल, ठाऊक नाही. तिने पुढे काही लिहिले असेल तर ते या त्रैमासिकाकडे यावे असे मला मनापासून वाटते. ते आले आणि माझ्याकडे अभिप्रायासाठी पाठवले गेले, तर या वेळी मी सही करण्याआधी बोलेन.